बंद पडलेलं नाही हो, बंद ठेवलंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात आतल्या पानावर हबल दुर्बिणीबद्दल एक छोटी चौकट होती. मथळा 'हबलच्या उपकरणाचा अर्धा भाग बंद पडला', खाली चार ओळी की म्हातारी झालेली दुर्बीण आता साथ सोडतेय वगैरे, आणि सोबत एका रंगीत तेजोमेघाचा फोटो. सकाळी सातला ती चौकट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली, एका काकांनी मला टॅग करून लिहिलं "काय रे, तुझी दुर्बीण गेली वाटतं", आणि त्याखाली चार जणांचे हात जोडलेले. माझा चहा गार झाला उत्तर टाईप करता करता, शेवटी म्हटलं ग्रुपवर भांडण्यापेक्षा थेट तुम्हालाच लिहावं.

'माझी दुर्बीण' हे काकांचं प्रेम. मी आता कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पण रिसर्चच्या दिवसात एका परदेशी टीमबरोबर आमच्या ग्रुपला हबलचा थोडा वेळ मिळाला होता आणि निरीक्षणाचा फॉर्म भरायचं काम, म्हणजे डिटेक्टर कसा लावायचा, कुठली सेटिंग, किती वेळ, हे सगळं हमालीचं काम माझ्या गळ्यात होतं. त्यामुळे ज्या अर्ध्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंय त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे. तो बंद पडलेला नाही. बऱ्याच निरीक्षणांत तो मुद्दाम, ठरवून, लेखी नियम करून बंद ठेवतात. घरातला फ्रीज बंद पडणं आणि गावाला जाताना आपण तो बंद करून जाणं यात जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे आणि मथळ्यात नेमका तोच गेला.

उपकरणाचं नाव कॉस्मिक ओरिजिन्स स्पेक्ट्रोग्राफ, सगळे नुसतं कॉस म्हणतात. मे २००९ मध्ये अटलांटिस शटल हबलच्या शेवटच्या दुरुस्तीला गेलं तेव्हा १६ मे ला जॉन ग्रन्सफेल्ड आणि अँड्र्यू फ्युस्टल यांनी अंतराळात तरंगत ते बसवलं, त्यासाठी जागा केली कोस्टार नावाचं जुनं युनिट काढून. कोस्टार म्हणजे १९९३ मध्ये हबलला लावलेला चष्मा, नंतरच्या उपकरणांमध्ये नंबर आतच घातलेला असल्यामुळे त्याची गरज संपली होती. आणि हो, कॉसचं मुख्य काम फोटो काढणं नाही. ताऱ्याचा किंवा क्वेसारचा (म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेच्या झळाळत्या केंद्राचा) प्रकाश अडीच आर्कसेकंदाच्या एका गोल भोकातून आत घेतो, ग्रेटिंगवर, म्हणजे बारीक रेघा आखलेल्या आरशावर, पसरवतो, आणि कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आला ते मोजतो, हातात येतो तो एक खालीवर होणारा आलेख. त्यामुळे तुमच्या चौकटीतला तो सुंदर फोटो निदान या उपकरणाचा तरी नव्हता.

आता डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. दूरच्या अतिनील प्रकाशासाठी जो आहे त्याचे दोन तुकडे आहेत, सेगमेंट ए आणि सेगमेंट बी, एकाला एक लागून आडवे, मधे साधारण ९ मिलिमीटरची फट. एकेक तुकडा ८५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या हाताच्या बोटाएवढी पट्टी, बस. त्यावर पुढे काचसुद्धा नाही, कारण काच लावली की सगळ्यात लहान तरंगलांबीचा प्रकाश तीच खाऊन टाकते. आत बारीक भोकांच्या चकत्या एकावर एक तीन, भोकं लाखोंनी. वरच्या सीझियम आयोडाइडच्या थरावर एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, चकत्यांना दिलेल्या हाय व्होल्टेजमुळे तो भोकाच्या भिंतींवर आपटत आपटत खाली जातो आणि खाली पोचेपर्यंत त्या एकाचे लाखो झालेले असतात. एका माणसानं टाळी वाजवली आणि सगळा मंडप वाजवायला लागला असं काहीतरी. त्या लाखोंच्या लोंढ्यावरून फोटॉन कुठे पडला ते कळतं, आणि लोंढा किती मोठा होता तेही शून्य ते एकतीसच्या पट्टीवर नोंदलं जातं.

गोम अशी की भोकांचा हा दम अक्षय नाही. ज्या भोकातून जितके जास्त इलेक्ट्रॉन काढले तितकं ते दमतं, पुढच्या फोटॉनला लोंढा लहान येतो. इंग्रजीत गेन सॅग म्हणतात, आमच्या ग्रुपमधे 'बसलं' म्हणायचे, 'बी चा तो कोपरा बसलाय'. माझे बाबा वीस वर्षं सोफ्यावर एकाच कोपऱ्यात बसतात आणि तिथे अगदी स्पष्ट खड्डा आहे, पाहुणा तिथे टेकला की दचकतो, हे डिटेक्टरचं दुखणं मला त्याच्यामुळेच पटकन समजलं. खड्डा नुसता वाईट दिसतो असंही नाही, तो खोटं बोलतो. लोंढा फार लहान झाला की प्रोसेसिंगमध्ये तो नुसता गोंगाट (नॉइज) म्हणून गाळला जातो, म्हणजे प्रकाश आला पण मोजला गेला नाही, आणि आलेखात तिथे एक खाच दिसते. आता ज्या लोकांचं सगळं काम आलेखातल्या खाचा शोधण्याचं आहे, की या तरंगलांबीला प्रकाश कमी म्हणजे वाटेत अमुक वायू आहे, त्यांना डिटेक्टरनंच एक खाच फुकट दिली तर काय होईल बघा. पेपर लिहून मोकळा व्हायचा माणूस!

आणि खड्डा पाडतो कोण? मला वाटायचं तेजस्वी तारे. तर सगळ्यात जास्त त्रास देतो आपल्याच पृथ्वीचा हायड्रोजन. हबल फिरते त्याच्याही कितीतरी वरपर्यंत पृथ्वीभोवती विरळ हायड्रोजन आहे, सूर्यप्रकाशानं तो १२१६ अँगस्ट्रॉमला (तरंगलांबी मोजायचं माप) चमकतो, लायमन अल्फा ती रेष. तुम्ही विश्वाच्या पार टोकाचा कितीही अंधुक क्वेसार बघा, हा चकाकता पडदा कायम मधे, आणि तो प्रकाश आत घेणारं ते अडीच आर्कसेकंदाचं अख्खं भोक भरून आत येतो. क्वेसारकडून सेकंदाला येऊन जाऊन मोजके फोटॉन, आणि घरच्या हायड्रोजनचा मात्र रतीब चालू, दर एक्स्पोजरला, दर वेळी त्याच रकान्यात. जी१३०एम नावाचं सगळ्यात जास्त वापरातलं ग्रेटिंग लावलं की ही रेष पडते बी सेगमेंटवर. म्हणून बी आधी बसतो, ए त्यामानानं बरा राहतो.

यावर उपाय तीन, आणि तिन्हीची किंमत मोजावी लागते.

पहिला, व्होल्टेज वाढवायचं. आजीच्या कानाच्या मशीनचा आवाज वाढवत नेतो तसं, थोडं वाढवलं की परत ऐकू येतं, पण मशीनलाही एक शेवट असतो आणि शेवटाकडे नुसती शिट्टी वाजते. ए आणि बी ला व्होल्टेज वेगवेगळं देता येतं हे त्यातल्या त्यात बरं.

दुसरा, जागा बदलायची, आई बाबांना म्हणते तसं जरा सरकून बसा. वर्णपट म्हणजे त्या पट्टीवर पडलेली एक बारीक आडवी रेघ, १० मिलिमीटर उंचीतला थोडाच भाग वापरात येतो, मग रेघ वर नाहीतर खाली सरकवली की कोरी जागा मिळते. या जागांना लाइफटाइम पोझिशन म्हणतात. पहिली २००९ पासून, दुसरी जुलै २०१२ ला, तिसरी फेब्रुवारी २०१५, चौथी ऑक्टोबर २०१७, पाचवी ऑक्टोबर २०२१, आणि जी१६०एम हे दुसरं ग्रेटिंग ऑक्टोबर २०२२ मध्ये सहाव्या जागी गेलं. वाचायला सोपं वाटतं, पण दर वेळी नवीन जागेचं फोकस, कॅलिब्रेशन, प्रत्येक सेटिंगला किती संवेदनशीलता सगळं पहिल्यापासून मोजायचं, त्यातही मधल्या जागेपासून लांब गेलं की रेषा तितक्या धारदार येत नाहीत. आणि पट्टी मुळात बोटाएवढीच, सरकून सरकून किती सरकणार.

तिसरा उपाय म्हणजे तुमच्या बातमीतला. २०१७ मध्ये चौथ्या जागेबरोबरच एक धोरण आलं, कॉस २०२५ नावाचं, नावातच हेतू लिहिलाय की हा डिटेक्टर निदान २०२५ पर्यंत चांगला चालला पाहिजे. त्यात ठरलं की जी१३०एमच्या बऱ्याच सेटिंगला बी सेगमेंटचं व्होल्टेज खाली ठेवायचं, निरीक्षण फक्त ए वर. व्होल्टेज नाही तर लोंढा नाही, लोंढा नाही तर झीज नाही, लायमन अल्फा पडो किती पडायचा तो. ज्यांना दोन्ही तुकडे पाहिजेतच त्यांना १२९१ ही सेटिंग (आकडा अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीचा) मोकळी ठेवली, तिथेही ग्रेटिंगच्या चारपैकी दोनच जागा (या जागा वेगळ्या, पुढे सांगतो) वापरायच्या, म्हणजे खड्डे पडले तर ठरलेल्या ठिकाणी पडतील आणि बाकीची जमीन वाचेल. बी बंद ठेवणं हे काही तेव्हा नव्यानं सुचलं असंही नाही, जी१४०एल ग्रेटिंगच्या ११०५ सेटिंगला तो पहिल्यापासूनच बंद ठेवतात, कारण तिथे न पसरलेला सगळा प्रकाश एकगठ्ठा बी वर पडतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला ते धोरण तेव्हा जड गेलं होतं. १२९१ ला बी वर साधारण ११३४ ते १२७४ अँगस्ट्रॉम येतात, आणि त्या टप्प्यात माल भरलेला आहे, सिलिकॉनची १२०६ ची रेष, नायट्रोजनची १२३८ आणि १२४२ ची जोडी. आमचा जीव त्या नायट्रोजनच्या जोडीत होता, गरम वायू तिथे दिसतो. आम्हाला सोयीची सेटिंग वेगळीच होती, ती घेतली तर बी बंद, बी पाहिजे तर १२९१ आणि दोनच जागा. दोन मीटिंगा नुसत्या यावरच गेल्या. मी तेव्हा बराच चिडलो होतो की पैसे करदात्यांचे, उपकरण धडधाकट, आणि हे म्हणतात जपून वापरा. आता वाटतं बरं झालं, कारण अंधुक वस्तूंचा दूरचा अतिनील वर्णपट इतक्या संवेदनशीलतेनं घेणारं दुसरं काही वर नाहीये, जेम्स वेब तर इन्फ्रारेडवाली, तिला यातलं काहीच दिसत नाही.

ग्रेटिंगच्या त्या चार जागांचं सांगायचं राहिलं. डिटेक्टरवर जाळीच्या तारांच्या सावल्या पडतात, चकत्यांची स्वतःची नक्षी असते, ते सगळं आलेखात उमटतं. मग ग्रेटिंग जरा जरा सरकवून तोच वर्णपट चारदा घ्यायचा, खऱ्या रेषा आपल्या तरंगलांबीला राहतात आणि डिटेक्टरचे डाग सरकतात, चारही एकत्र केले की डाग पुसट होतात. दोनच जागा मिळाल्या तर पुसणंही अर्धवट, म्हणून तर आमची एवढी घासाघीस.

फॉर्ममधे आणखी एक रकाना आहे, बफर टाइम, आणि तिथे मी माती खाल्ली होती. कॉस सहसा टाइम टॅग मोडमधे चालवतात, प्रत्येक फोटॉन कुठे आणि कधी आला याची नोंद, ३२ मिलिसेकंदांच्या बारकाईनं. नोंदी आधी उपकरणाच्या मेमरीत साठतात, तिथे एका वेळी साधारण साडेतेवीस लाख मावतात, मग ती मेमरी रिकामी करायची. किती वेळानं करायची ते तुम्ही आधीच लिहून द्यायचं, वर बसून बघायला कोणी नाही. आमचा अंदाज होता सेकंदाला हजार नोंदी. मी साडेतेवीस लाखाला हजारानं भागलं, २३५० सेकंद, लिहिलं आणि चहाला गेलो. परत आलो तर आमच्या सीनिअर ताई माझ्या स्क्रीनसमोर उभ्या.

"हे २३५० कुठून आणलंस?"

"भागाकार केला ताई. बरोबर आहे, दोनदा बघितलंय."

"भागाकार बरोबरच आहे रे. पण क्वेसार आहे तो, त्या दिवशी नेमका उजळलेला असला तर? दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणार आहेस का?"

मेमरी वेळेआधी भरली तर ती रिकामी होईपर्यंतच्या नोंदी सरळ जातात, कोणी तुम्हाला परत आणून देत नाही. म्हणून रिवाज असा की आलेल्या आकड्याचा दोन तृतीयांश लिहायचा, साधारण १५६० च्या आसपास. हे मॅन्युअलमधे स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण भागाकाराच्या आनंदात विसरलो. हबलची एक प्रदक्षिणा ९५ मिनिटांची, त्यात आपला तारा पृथ्वीआड न जाता मिळतो तो वेळ तासाभराच्याही आत, आणि तेवढ्यासाठी वर्षभर प्रपोजल लिहिलेलं असतं. त्या दिवसापासून घरी दूध मीच बघतो.

उजेड जास्त झाला तर नुसत्या नोंदी जातात असंही नाही, डिटेक्टरलाच इजा होऊ शकते. म्हणून नियम आहे की अंदाजे एका सेगमेंटवर सेकंदाला १५,००० च्या वर नोंदी येणार असतील तर ते निरीक्षण करायचंच नाही, नाहीतर प्रकाश साधारण दोनशे पटीनं कमी करणारं दुसरं भोक वापरायचं. नुसता आपला तारा बघून भागत नाही, शेजारपाजारही तपासावा लागतो, न जाणो एखादा निळा गरम तारा चुकून भोकात आला तर. लहान लाल ताऱ्यांचं आणखी वेगळं, एरवी गरीब, पण मधेच भडका उडवतात, त्यांच्यासाठी वेगळी तपासणी. आणि दक्षिण अटलांटिकवर किरणोत्साराचा एक पट्टा खाली आलेला आहे, तिथून जाताना तर डिटेक्टरचं व्होल्टेज दर वेळी खाली आणतात. तुमच्या बातमीच्या हिशोबानं हबलचा डिटेक्टर मग रोजच कितीतरी वेळा 'बंद पडतो' म्हणायचं.

खरंच बंद पडणं काय असतं तेही सांगतो. हबलवरचाच दुसरा स्पेक्ट्रोग्राफ, स्टिस, ऑगस्ट २००४ मध्ये पॉवर सप्लाय गेला म्हणून खरोखर बंद पडला, पाच वर्षं तसाच. २००९ च्या त्याच मोहिमेत माइक मासिमिनो दुरुस्तीला गेला तर कठड्याचा एक बोल्ट गोल झाला, निघेचना, शेवटी कठडा हातानं हिसडून तोडला, त्यानंतर शंभरावर स्क्रू एकेक करून काढले आणि कार्ड बदललं. आमच्या इथल्या प्लंबरला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तिकडेपण हेच."

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं तर ॲस्ट्रोसॅट, आपला खगोल उपग्रह. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण बनवण्यात बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सबरोबर आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचाही हात. वर गेल्यावर तिची झाकणं साधारण दोन महिने उघडलीच नाहीत, का तर उपग्रहातून सुटणारी वाफ, ग्रीसचे रेणू वगैरे आरशावर बसले तर साध्या डोळ्याला काही कळणार नाही पण अतिनील प्रकाश तिथेच मरतो. ते दोन महिनेही 'बंद ठेवलेले'. पण २०१८ मध्ये तिचा जवळच्या अतिनीलचा भाग खरोखर बंद पडला, दूरच्या अतिनीलचा चालू राहिला आणि त्यावर कामं होत राहिली. ही बातमी मात्र मी मराठीत कुठेच वाचल्याचं आठवत नाही, आपल्या पेपरात आली असेल आणि माझी चुकली असेल तर कात्रण जरूर पाठवा, मी पैजेचा चहा पाजीन.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापावा, की हबलच्या त्या डिटेक्टरचा बी सेगमेंट शाबूत आहे, झीज वाचवायला काही निरीक्षणांत त्याचं व्होल्टेज खाली ठेवतात, जिथे लागतो तिथे चालू करतात. काकांना ग्रुपवर मी सांगून झालंय, पण ते म्हणतात पेपरात छापून आल्याशिवाय मानणार नाही. सोबत छापायला काही हवं असेल तर आमच्या त्या क्वेसारच्या वर्णपटाचा आलेख मी आनंदानं देईन, त्यात नायट्रोजनची जोडी आहे, मधे लायमन अल्फाचा एक मोठा सुळका पण आहे. फक्त कृपा करून त्याच्याखाली 'हबलने टिपलेला फोटो' असं लिहू नका.

आपला,
एक नेहमीचा वाचक
कोथरूड, पुणे